दस्तातली झाडं

दस्तात आकडे कमी, झाडंच जास्त.
ओढ्याकाठच्या बीचपासून
चढावर जोड-हिकरीपर्यंत,
तिथून बावीस काठ्या उगवतीला, पर्सिमनपर्यंत,
तिथून उतरत अ‍ॅशला, आणि परत बीचला.
खाली सहीच्या जागी फुली. साल अठराशे ब्याण्णव.

केंटकीच्या डोंगरात फेब्रुवारीत
औषधालासुद्धा पान नव्हतं.
बरं झालं, डेल्फिया कॉम्ब्स म्हणाली,
पानं असली की माणूस बाकी काही बघत नाही.
ती पुढे. तिवई खांद्यावर घेऊन मी.
मागून हॉबर्ट आणि लोव्हेल,
चुलतभाऊ, एकाच वाटेवर
दहा पावलांचं अंतर राखून.
नऊ वर्षं बोलणं नाही.

बीच लगेच सापडला.
राखाडी, गुळगुळीत, दोन माणसांच्या कवेत न मावणारा,
एवढ्या वयाचा आणि सुरकुती नाही,
म्हणून तर जो तो नाव कोरतो.
कुणा एडनाचं नाव खोडासोबत रुंदावत
आता नुसते डाग उरलेत.
खात्रीला कळी बघ, म्हणाली.
लांब, सडपातळ, टोकदार. दाभणच.

हिकरीला अंगावरचं नीट नेसता येत नाही.
सालीच्या हातभर ढलप्या मध्ये चिकटलेल्या,
वर-खाली सुटलेल्या,
वारा आला की खडखडतात.
दोन्ही खोडांवर कुऱ्हाडीचे तीन-तीन घाव,
भरून आलेले, ओठ मिटल्यासारखे.

वाटेत कमरेएवढं झुडूप. नखानं खरवड.
खरवडलं. लिंबाची साल, वर किंचित मिरी.
हे दस्तात आहे?
नाही. पण आपण इथून गेलो ना.

पर्सिमनची साल काळी, चौकोनांत तडकलेली,
कोळशाचे खडे कुणी हातानं बसवावेत तशी.
त्याच्यावर मनगटाएवढी वेल,
अंगभर तपकिरी केस, सुंभाचा दोर जणू.
हॉबर्टला धाप लागली होती,
त्यानं हात टेकला नेमका तिथंच.
डेल्फिया वळली.
रानद्राक्षाच्या वेलीची साल सुटून चिंध्या होतात, म्हणाली,
केसाळ दोर दिसला की हात खिशात.
पण हिवाळा आहे, हॉबर्ट म्हणाला.
तिला कुणी सांगितलंय, हिवाळा आहे म्हणून?

शेवटचा कोपरा राहिला. अ‍ॅश.
उतारावर सगळे अ‍ॅश आडवे.
किडीनं आतून पोखरलेले, साल गळालेली,
उघड्या लाकडावर नागमोडी चर,
जशी न येणारी लिपी कुणी घाईनं गिरवली.
घाव होते ते सालीबरोबर गेले.
हा, लोव्हेलनं बोट दाखवलं.
तो, हॉबर्टनं. दोघांच्या बोटांत अर्धा एकर.

डेल्फिया गुडघ्यांवर बसली,
एकाहत्तराव्या वर्षी, चिखलात.
एकेका खोडाची फांदी बघत गेली.
हा एल्म, फांद्या आळीपाळीनं.
हा अक्रोड, काडी मोडली की आत शिडी.
हा अ‍ॅश, पण पोरसवदा, त्या वेळी नव्हताच.
मग झाकलेल्या खड्ड्यात एक खुंट,
परातीएवढा, मधोमध पोकळ,
आणि त्याच्या कडेला तीन फुटवे.
तिनं मला खाली बोलावलं. बघ.
काडीवर तपकिरी कळ्या, दोन-दोन,
अगदी समोरासमोर.
खुंटाच्या पोटात गंजलेल्या तारेचा तुकडा,
लाकडानं गिळलेला.
म्हणजे कुंपण इथून जात होतं, लोव्हेल म्हणाला.
म्हणजे जात होतं, हॉबर्ट म्हणाला.
नऊ वर्षांतलं पहिलं संभाषण,
आणि दोघंही जमिनीकडं बघत.

लोखंडी खुंटी ठोकली मी.
नव्या दस्तात डेल्फियानं लिहिलं:
अ‍ॅशचा खुंट, मेलेला, फुटवे तीन, जिवंत.
मी म्हटलं, हे पण मरतील, कीड आहेच.
तर? तिनं पेन्सिलीला टोक केलं.
आज आहेत ना.

तिसऱ्या दिवशी हॉबर्टचा हात
कोपरापर्यंत लाल, फोड आलेला.
लोव्हेल मलमाची बाटली घेऊन गेला म्हणे,
कुंपणावरून हात लांबवून दिली.
कुंपण अजून घातलेलं नव्हतं.