मार्का

मन्मथप्पा हत्तरगे दुकानात आले
तेव्हा दुपारचे दोन,
गंजगोलाईच्या सोळा रस्त्यांवर मिळून एक कुत्रं,
आणि माझ्या टेबलावर उघडा पडलेला
एका क्लासवाल्याचा मदरबोर्ड.
"मालक कुठायत?"
बसा म्हटलं. पाणी दिलं.
पाटीवर दिराचं नाव आहे,
ते वाचूनच येतात माणसं.

नात आर्किटेक्चरला लागली, पुण्यात.
"भारीतला लॅपटॉप पाहिजे. दोन लाख गेले तरी चालतील.
फक्त आत तो निळावाला पाहिजे."
निळावाला.
नंबर नाही, पिढी नाही,
जाहिरातीच्या शेवटी सूर वाजायचे, तो.

मी दोन मशीन शेजारी शेजारी मांडल्या.
दोन्हीत तोच बंगला, तेच जिने,
गच्चीवर तेच कॉम्प्युटरातलं ऊन.
स्टिकरवर तळहात ठेवले
आणि म्हटलं, आप्पा, तुम्ही फक्त घड्याळ बघा.
डावीकडचीनं सात मिनिटांत बंगला उभा केला.
उजवीकडचीला अकरा लागली, आणि पंखा असा घोंघावला
जसा पाणी संपलेला कूलर.
बोट लावून बघा म्हटलं.
त्यांनी लावलं, झटकन काढलं.
"डावी द्या."
मी हात उचलला.
डावीकडे केशरी.

आप्पांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा घातला.
"हे टिकतं का पण?"

त्यांना एकट्याला काय म्हणू.
अहमदपूरचा कुरेशी, लग्नाचे व्हिडिओ करतो,
केशरीच मागतो, त्याला एका रात्रीत तीन वराती कापायच्या असतात.
त्यानंही दर्शनी टेबलावर एक निळा ठेवलाय,
जुना, बंद, स्टिकर तेवढा पुसलेला,
नवरीकडचे येतात म्हणून.

आप्पांची दाळमिल मला माहीत आहे.
तुरीचा भुसा पंख्यात अडकतो,
तो काढायला दर दोन महिन्यांनी मीच जाते.
तिथं पाहिलंय:
एकच ढीग, एकच पोरगा, एकच फावडं.
अर्धी दाळ साध्या कट्ट्यात,
अर्धी दोन मोरांच्या छापाच्या.
मोर क्विंटलला तीनशेनं जास्त.

म्हटलं, आप्पा,
मोराची दाळ लवकर शिजते का हो?

हसले. तोंडातली सुपारी दिसली.
"न्हाई शिजत बाई.
पण हैदराबादचा व्यापारी फोनवर दाळ चाखतो का?
मोर ऐकतो त्यो.
तीस वर्षं दाणे घातलेत त्या मोराला.
एका साली किडे निघाले आमच्या मालात,
लोक म्हणले, गोदामाचा दोष."
मग जरा हळू,
"पोरगी होस्टेलात बसणार.
तिथं मिनिटं कोण मोजतंय?
मनगटाजवळ काय चिकटवलंय ते बघतेत."

एकोणीस हजारांचा फरक होता.
मी पुन्हा एकदा सांगितला, आकडा कागदावर लिहून.
त्यांनी कागदाची घडी घातली,
खिशात ठेवली, नोटा काढल्या.
मी निळा बांधून दिला.

पायरी उतरता उतरता थांबले.
"आमच्या मिलात कुठला बसवलाय तुम्ही?"
केशरी म्हटलं. सहा वर्षं झाली.
उन्हात उभे राहून विचार केला त्यांनी,
बोटांवर काहीतरी मोजलं.
"राहू द्या त्यो.
त्याला कोण बघतंय."

मग मी शटर अर्धं ओढलं, डबा उघडला.
पाटीवरचं दिराचं नाव यंदाच्या उन्हानं पार फिकं पडलंय.
पेंटरला फोन करायचाय:
अक्षरं तीच,
रंग जरा गडद.