सी-२३१

देवरुखकर बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं:
चकतीवर स्टिकर लावायचं नाही.
एका अंगाला चिमूटभर कागदाचं वजन पडलं
तरी ती फिरताना डगमगते.
नंबर लिहायचा आतल्या पारदर्शक कड्यावर,
भोकाच्या काठाला,
पाण्याच्या शाईने, मुंगीएवढा.

ठाकुरद्वार, दुसरा मजला.
खाली लग्नपत्रिकांचं छापयंत्र धडधडतं,
म्हणून माझा सात नेहमी थोडा हललेला.

डबीच्या कण्यावर रंगीत पट्टी:
नाटक तांबडं, कीर्तन भगवं, बालगीतं पिवळी,
परक्या भाषा निळ्या.
सोळा जणांच्या घरी मी जर्मन पाठवलं
आणि स्वतः दहा आकड्यांपुढे सरकलो नाही.

परत आलेली चकती उजेडात तिरकी धरायची.
इंद्रधनुष्यावर कुणाचा तरी तुपाचा अंगठा.
पुसायचं मधून कडेकडे, सरळ.
गोल पुसलं तर ओरखडा
आवाजाच्या वाटेनेच धावत सुटतो.

विजयकरबाई बुधवारी यायच्या.
काठी काउंटरला टेकवून म्हणाल्या,
"लेबलं सुरेखच असतील हो तुमची.
पण काल मी कथा समजून
तासभर फ्रेंच ऐकत बसले.
वाईट नव्हतं."

त्या संध्याकाळी
डबीच्या कोपऱ्यात फेविकॉलचा थेंब सोडला.
सकाळी तो तांदळाच्या कणीसारखा लागला बोटाला.
कथेला एक, नाटकाला दोन,
फ्रेंचला तीन, पुन्हा ऐकावंसं वाटलंच तर.

नियमावलीत असलं काही नव्हतं.
देवरुखकर बाईंनी डबी उचलली, अंगठा फिरवला,
काही न बोलता दाखलनोंदवही उघडली
आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: थेंब.
पुढे चारशे बारा ओळी
त्यांच्याच अक्षरात,
थेंब, थेंब, थेंब.

यंदा ठराव झाला. चकत्या बाद.
घरोघरची यंत्रं केव्हाच भंगारात गेली.
'बाद'चा शिक्का प्लास्टिकवर धरत नाही,
निळा ओघळ होऊन बोटांवर येतो,
तेव्हा मी तो फक्त नोंदवहीत मारत गेलो,
ओळीमागून ओळ.

सी-२३१ पाशी थांबलो.
कथा. एक थेंब. विजयकरबाईंकडे, आषाढापासून.
स्मरणपत्राचा छापील कागद काढला,
परत खणात ठेवला.
तिच्यापुढे अजून लिहिलेलं आहे: बाहेर.
सात नाहीच त्या आकड्यात,
तरी हललेला दिसतो.