पाव वळसा

गावाचं नाव कापुस्केसिंग.
मराठी कानाला त्यात कापूस ऐकू येतो,
आणि नोव्हेंबरात खिडकीबाहेर तसंच काही पसरलेलं असतंही,
फक्त हात लावला की चटका बसतो.

कागदगिरणीच्या मागच्या रस्त्याला
सोलांज त्रेपानिएचं गॅरेज.
आत एक पिकअप, बॉनेट उघडं,
आठ सिलिंडर, आठ प्लग,
चौदा वर्षांत कुणी हात न लावलेले,
काजळीनं दातखीळ बसलेले.

मालक ल्युसियाँ हीटरपाशी उभा.
दोन्ही हात कोटाच्या खिशात.
शुक्रवारपर्यंत छान चालत होती, म्हणाला. एवढंच म्हणाला.

इंजिन कोमट हवं,
सोलांज नव्या पोरीला, डेसी वाबानोला, सांगते,
गरम नको, गार नको,
बाळाच्या अंघोळीचं पाणी कोपरानं बघतात ना, तेवढं.
मग पान्हा लाव. पाव वळसा.
बस्. आता औषध ओत खाचेत
आणि कॉफी पिऊन ये.

"पण काहीच हललं नाही."
"हललं. तुला दिसलं नाही."

पाव वळसा पुढे, पाव वळसा मागे.
प्लग किंचाळतो.
किंचाळू दे, सोलांज म्हणते,
गप्प झाला की घाबर.

पहिला निघाला, टोकाला कोळसा.
दुसरा निघाला, निम्म्या दुपारी.
तिसऱ्याच्या विहिरीत पान्हा उतरला
आणि त्याच्या हाती काहीच लागलं नाही.
बॅटरीच्या उजेडात खोल तळाशी
एक पांढरं कडं. कड ताजी, स्वच्छ,
आत्ताच फुटलेल्या कपासारखी.

"हा तुटलेलाच आहे," डेसी म्हणाली.
"घेतली तेव्हापासून तसाच असेल," ल्युसियाँ हीटरला म्हणाला.

सोलांजनं मान वर केली नाही.
मग शुक्रवारपर्यंत गाडी कशावर चालली,
हे विचारायला तिला एक श्वास पुरला असता.
तिनं तो चौथ्या प्लगवर खर्च केला.

चौथा. पाचवा.
नंतर, कुणालाच उद्देशून नाही अशी, ती म्हणाली,
"वरचा तुकडा असता तर कळलं असतं
आत किती राहिलंय.
आता अंदाजानं जावं लागणार.
चिनीमातीचा एक खडा खाली पडला
तर पिस्टनबरोबर तो नाचत राहील,
जोवर इंजिन आहे तोवर."

बाहेर लाकडांचा ट्रक गेला. खिडकी थरथरली.
सहावा प्लग निघाला.
मग ल्युसियाँचा उजवा हात निघाला खिशातून,
आधी थोडा, मग परत आत,
मग पूर्ण.
हातात चौकड्यांचा रुमाल, रुमालात गाठ,
गाठीत वरचा तुकडा.

"शनिवारी," तो म्हणाला.
"जोर लावलास?"
"थोडा."
"थंड इंजिनावर?"
ल्युसियाँनं खांदे उडवले.

तिनं तुकडा अंगठ्याच्या नखानं मापला.
टॅपला लोण्यासारखं ग्रीस माखलं,
भुगा त्यालाच चिकटावा म्हणून,
आणि डोळे मिटून आटे पाडले.
डेसी व्हॅक्यूमची बारीक नळी धरून,
श्वास रोखून.
मग खेचणीचा नट, पाव, पाव, पाव,
आणि खालून एक आवाज,
सुपारी फुटावी तसा.
वर आली ती एक काळी नळी,
चिंचेच्या टरफलाएवढी.
एवढ्याशानं चार तास अडवले होते.

नव्या प्लगांना तिनं निकेलचं ग्रीस लावलं.
"हे कशाला?"
"पुढच्या वेळी हे काढायला तू असशील, मी नसेन.
मला शिव्या ऐकायच्या नाहीत."

घट्ट करताना डेसीचा खांदा पुढे झाला.
सोलांजनं मनगटावर दोन बोटं ठेवली. तिथेच थांबली ती.

बिलात आठ प्लग लिहिले, मजुरी लिहिली,
तिसऱ्याचे चार तास वेगळे लिहिले.
एक मिनिट सोडलं नाही.
ल्युसियाँनं नोटा मोजून ठेवल्या,
दाराशी गेला, परत आला,
आणि तुटका तुकडा मागून घेतला.
रुमालासकट.