कोड दहा

केबल जळगावची. गोलाणी मार्केट, तळमजला,
टोपलीत चार्जरांच्या गुंत्याखाली पडलेली.
तीनशे सांगितले, दोनशे वीसला दिली.
नाही चालली तर आणून द्या, पोऱ्या म्हणाला,
पावती मात्र दिली नाही.

चोपड्यात दुपारचे सेहेचाळीस.
कूलरसमोर लॅपटॉप, तोही ताईचा,
शेजारी हातात मावेल एवढा रेडिओ
आणि हॅमचा परवाना, माझ्या नावाचा,
अजून एकही घडी न पडलेला.
केबल लावली. टुंग वाजलं.
आणि पोर्टांच्या यादीत सगळ्यात खाली
पिवळा त्रिकोण, पोटात उद्गारचिन्ह:
हे उपकरण सुरू होऊ शकत नाही. कोड दहा.

काढली, लावली. दुसऱ्या भोकात लावली.
फुंकर मारली.
लॅपटॉप बंद करून देवाचं नाव घेऊन चालू केला.
कोड दहा.

भुसावळला फिरके सर, रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त,
मोबाइलवरही वाक्य संपलं की ओव्हर म्हणतात.
"पह्यले सांग, पिन पुरी आत गेली का? कट वाजला का? ओव्हर."
नव्हता वाजला.
प्लगची कड ब्लेडनं तासली, नखाएवढी.
कट वाजला.
त्रिकोण तसाच.

मग दिसली ड्रायव्हरच्या नावाखालची बारीक ओळ:
ही चिप बाद झालेली आहे,
आपल्या पुरवठादाराशी संपर्क साधावा.
पुरवठादार!
मला तो टोपलीवाला पोऱ्या दिसला, कानात इअरफोन घातलेला.

सर हसले. चिप नकली आहे तुझी, म्हणाले,
काम असलीसारखंच करते, रेसभर कमी नाही,
पण नव्या ड्रायव्हरला कंपनीनं शिकवून ठेवलंय,
कामाचं नंतर, आधी कूळ विचार.

आतून आई: "जेवी ले रे भाऊ, दाळ थंडी व्हयनी."
मी धुळ्याच्या जिन्यावर.
आजोबांचा दाखला, शाई उडालेला,
'कोळी'च्या आधीचा 'टोकरे'
कुण्या मास्तरानं घाईत लिहिलाच नाही.
समितीनं विचारलं, तुमच्या लग्नात गाणी कोणती?
देव कोणता, तो कुठे बसवता?
मी वायरमन. मला खांबावर चढता येत होतं,
ते कुणी विचारलं नाही.
अकरा वर्षं. ताईची फाइल अजून आतच आहे,
तिच्यावर पेपरवेट, काचेचा, आत फूल असलेला.

"आयकून राह्यला का? ओव्हर."
ऐकतोय सर.
"जुना ड्रायव्हर टाक. दोन हजार आठचा.
त्याले इचारनं माहितच नाही."

आपोआप शोधू नको, मी स्वतः निवडतो.
यादी उघडली. दोन नावं, एकाच कुळातली.
खालचं धरलं. इशारा आला: याची शिफारस नाही.
असू दे.
त्रिकोण गेला.
गेला म्हणजे तिथे काहीच उरलं नाही,
नुसतं साधं नाव आणि कॉम सात.

मग सातच सांगितलं सॉफ्टवेअरलाही,
रेडिओवर लाल ठिपका लुकलुकला, हिरवी पट्टी सरकली,
एकशे अठ्ठावीस खणांचं कपाट उघडलं, सगळं रिकामं.
पहिल्या खणात डोंगरावरचा रिपीटर ठेवला, टोनसकट.
जेवलो नाही. गच्चीवर गेलो,
पत्र्यावर वाळत घातलेल्या कुरडयांच्या मधून,
सातपुड्याकडे तोंड करून स्वतःचं कॉलसाइन उच्चारलं,
घशात अडकत अडकत, एकेक अक्षर.
खरखर. खरखर.
मग फिरके सर: "पाच-नऊ, पाच-नऊ, एकदम साफ."
उगाच पाच-नऊ देऊ नका सर, मी म्हणालो,
आणि बटण सोडायचं विसरलो.

सकाळी त्रिकोण परत.
रात्री लॅपटॉपनं कुणाला न विचारता
नवा ड्रायव्हर आणून बसवला होता.
पुन्हा खालचं नाव, पुन्हा इशारा, पुन्हा असू दे.
या वेळी केबलला चिकटपट्टी गुंडाळली
आणि पेनानं लिहिलं:
डावं भोक. जुना ड्रायव्हर. नेट बंद ठेवणे.

ताईनं वाचलं. पेन मागितलं.
खाली लिहिलं:
लॅपटॉप माझा आहे.