फौजदार

अंड्यांसाठी आणलेल्या सहा तलंगांपैकी
एक मार्चात आरवली.
घरात हशा पिकला. मी म्हटलं, ठेवा नाव फौजदार.

मेमध्ये त्यानं माझी पोटरी फोडली.
टॉडमॉर्डनच्या दवाखान्यात
कोवळ्या नर्सनं विचारलं, कुत्रा?
कोंबडा, म्हटलं.
तिनं ओठ चावत ‘इतर’वर खूण केली.

पहिल्यांदा मी पळाले होते.
दुसऱ्या दिवशी लाथ उगारली.
त्याला दोन्हींतून एवढंच कळलं,
की बाईला भांडायचंय.

मग भिंतीपलीकडची हॅझल ऍकरॉइड आली,
ब्याऐंशीची, हातात बादलीचं झाकण.
मागे सरू नकोस, म्हणाली, अंगावरही जाऊ नकोस.
निघाली होतीस तिकडेच चालत राहा,
वाटेत तो आला तर तो त्याचा प्रश्न.
अंधारात दांडीवर बसला की उचल,
काखेत धर, आणि तुझी कामं उरक.

धरला.
एका हातानं भांडी विसळली,
ऋजुताशी फोनवर बोलले,
दार उघडून पार्सलवर सही केली,
काखेत चार किलो अपमान.
पिसांखाली काळीज
टाइपरायटरसारखं चाललेलं.

मग दिवसाही बघू लागले त्याच्याकडे.
गांडूळ सापडलं की हाका मारतो,
पोरी जमतात, खातात,
हा नुसता उभा.
ससाणा फिरला की
खुराड्यात सगळ्यांत शेवटी शिरतो.

तीस वर्षं मी हॅलिफॅक्सला वॉर्डची सिस्टर होते.
माझ्यामागे मुली मला काय म्हणायच्या
ते निरोप-समारंभात कळलं, केक कापताना.
मीही हसले होते.

आता तो पंख पाडून तिरका येत नाही.
मी दाणे टाकते, तो बाजूला होतो,
किंवा मी होते, नक्की सांगता येत नाही.
मंगळवारी ऋजुताचे लाल गमबूट घातले
आणि पुन्हा रक्त.
असू दे. निळे घालते.

नवे शेजारी मँचेस्टरहून आलेत, आरवणं सोसत नाही,
म्हणून रात्री त्याला खोक्यात झाकते.
कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही, खरंय,
पण इथल्या डिसेंबरात तांबड्यालाच घाई नसते.
आठाला झाकण काढते.
तो मान वर करून आधी
माझे पाय बघतो.