दोन र

लक्ष्मीपुरीत, बाइंडरच्या माडीवर
तालमीची जुनी स्मरणिका युनिकोडात आणतेय.
साल अठ्ठ्याण्णव. फ्लॉपीतून सीडीत, सीडीतून इथवर.
फॉन्ट काढला की खाली मराठी नाहीच,
डॉलर, टक्के, कंस, उलटे स्वल्पविराम,
हौद्यात नुसते पायांचे ठसे.

तेव्हा वेलांटी आधी दाबायचो, अक्षर मागून.
आता आधी अक्षर; वेलांटी उशिरा येते
आणि पुढं जाऊन बसते, मानाच्या पाहुण्यासारखी.
बोटांना हे अजून पटत नाही.

कन्व्हर्टरनं तीनशे पानं
चहा निवायच्या आत पालटली.
वस्ताद, खुराक, थंडाई. वाटलं, झालं.

दऱ्याप्पा चौगुले स्वतः आले प्रूफ बघायला,
काठी जिन्यात ठेवून.
देणगीदारांच्या यादीवर बोट थांबलं :
दर्याप्पा बाळू चौगुले, एक्कावन्न रुपये.
‘ह्यो कोण गं पोरी? आमच्यात असा कोण न्हाई.’

यंत्राला एकच र शिकवलेला.
चंद्रकोर मोडून त्यानं डोक्यावर रफार चढवला,
आणि घाट न उतरताच
माणसाचा समुद्र केला.

सगळीकडं एकदम बदलावं, तर
सूर्य, कार्य, धैर्य यांचेही रफार उतरतील खाली.
म्हणून एकेक बघत बसले.
पायऱ्या. दुसऱ्या. हिऱ्या नावाचा बैल.
खाली बाइंडरनं दिवा लावला.

ते बाकावर बसूनच होते.
‘आनि एक्कावन्न न्हवं,’ म्हणाले बऱ्याच वेळानं,
‘एकशे एक दिलं हुतं.’

ती चूक मात्र
जुन्या फॉन्टातलीच.