खालचा माणूस

सहाला शेडचं शटर वर जातं.
अकरा जण आहेत आता. आधी दोघंच होतो,
मी आणि पुनाजी,
एक करवत, काथ्याचा दोर,
लुनाच्या मागे गोणपाटात गुंडाळलेली कोयती.
आता हजेरी, हेल्मेटं मोजून घ्या,
विम्याचा हप्ता, छोट्या ट्रकची पीयूसी,
आणि महापालिकेच्या उद्यान विभागात
कुणाच्या तरी टेबलाखाली गेलेल्या तीन परवानग्या.

बायको परवा म्हणाली,
हात मऊ पडले तुमचे.
कौतुक होतं की तक्रार, कळलं नाही.
अंगठ्याच्या मुळाशी एक घट्टा उरलाय,
सही करताना पेन बरोबर त्यावर टेकतं.

मे महिना. सिव्हिल लाइन्समधला बंगला,
चिंचेची फांदी कौलांवर वाकलेली.
दहानंतर कुणी चढायचं नाही हा नियम माझाच,
म्हणून साडेसहालाच रोशन कोडापे वर,
मी खाली. इस्त्रीचा शर्ट, मान मागे टाकलेली.
वीस वर्षं हे शहर मला वरून पाठ होतं:
गच्च्यांवरच्या कुरडया, कूलरच्या गंजक्या पाठी,
साहेबलोकांची टकलं,
मागच्या अंगणात एकटंच कोण रडतं ते.
खालून झाड म्हणजे
दुसऱ्याच्या चपलांचे तळ.

रोशन थांबला.
मी असतो तर डावीकडच्या बेचक्यातून गेलो असतो,
आधी खालून खाच, मग वरून काप,
फांदीच्या बुडाशी गळ्यासारखी वळी असते
तिला ओरखडा न काढता.
तो उजवीकडे सरकला.
अबे, एवढं तोंडापर्यंत आलं
आणि मी ते गिळलं.
पुनाजी कधी खालून ओरडला नव्हता.

"भाऊ, इकडं पोकळ हाय," वरून आवाज,
"ठोकून पाहून राहिलो. डावीकडं पाय टाकला असता ना,
तर तुमच्याच अंगावर आलो असतो."
बंगल्याच्या मालकांनी माझ्याकडे पाहिलं.
बत्तीस हजारांचं कोटेशन
मी खुर्चीत बसून, चहा पीत लिहिलं होतं.

दोरावरचा पोरगा भंडाऱ्याला लग्नाला गेलेला,
मीच धरला दोर.
बुंध्याला दोन वेढे, टाच मातीत.
फांदी सुटली, दोर हातातून सरकत गेला
आणि मऊ कातडं घेऊन गेला थोडं.
वर असताना वाटायचं, काम मी करतो,
हा काय, नुसता उभा.
रोजाला पन्नास कमी द्यायचो त्याला,
कितीतरी वर्षं. तो काही बोलला नाही.
आता पोराकडे असतो, भांडेवाडीच्या पलीकडे,
एका डोळ्याने दिसत नाही म्हणतात.
जायचं जायचं म्हणतो.

शनिवारी पाकिटं भरताना
रोशनच्यात पाचशे जास्त टाकले.
मग दोरवाल्याच्यातही.
मग तो तर लग्नात होता हे आठवलं,
काढणार होतो. राहू दिले.
वीस तारखेला जीएसटी.
आधी थकलो की खांदा दुखायचा, दंड दुखायचे,
तेल लावलं की झोप.
आता थकवा नेमका कुठं बसलाय
तेच सापडत नाही, तेल लावू कुठं?

फोन. मनीषनगरहून बाई आहेत.
"कडुनिंब तोडायचाय, किती घ्याल?"
"पडायला आलाय का, ताई?"
तिकडून काही नाही. मग,
"निंबोळ्या पडतात हो गाडीवर. चिकट होतं सगळं."
"उद्या येतो पाहायला."
"पाहायचे किती?"
"पाहायचे काही नाही."
लिहून घ्यायला पेन काढतो,
खिशातून पेनासोबत चिमूटभर भुसा येतो, चिंचेचा.
रजिस्टरवर पडलेला तो मी झटकत नाही,
पान मिटतो तसंच.